उलटे केस

गुरुवार, संध्याकाळ

रेश्माचा फोन आला. नोकरीसाठी जर्मनीत गेलेली पोरगी, आता सुट्टी काढून आल्प्सच्या बर्फात स्कीवर हिंडतेय. रोज एका डोंगरातल्या झोपडीतून निघायचं, पुढच्या डोंगरावरच्या झोपडीत मुक्काम.

"घसरत उतरता ते कळलं. पण चढता कसं गो?"

"बाबा, स्कीच्या खाली केसाळ पट्टी चिकटवतो. केस मागे वळलेले. पुढं सरकते, मागं नाय घसरत."

नाय घसरत म्हणे! केसांच्या भरवशावर पोरगी सोडायची? आमच्या डोळखांबच्या उतारावर ओल्या गवतात मीच किती वेळा आपटलोय. तिची आई फोन ठेवल्यापासून चुलीपुढं बसलेली, भाकरीचं पीठ परातीत तसंच. माझ्या डोक्यातून ती पट्टी जाईना.

शेवटी गोठ्यात गेलो. तांबी गायीच्या पाठीवर मानेकडून शेपटीकडं हात फिरवला, सरकन गेला. मग उलटा फिरवला. केस उभे राहिले, हात अडला. पुन्हा केलं. पुन्हा अडला.

"गायीला काय झालं?" मागून रेश्माची आई.

"काय नाय. हात लावून बघ, असा उलटा."

तिनं दोनदा फिरवून पाहिला. मग आत गेली.

थोड्या वेळानं भाकरी थापल्याचा आवाज आला.