मराठीच्या वर्गासाठी तीन अर्ज

मयूर विहार, दिल्ली
२१ जुलै १९९६

प्रिय शशिकांतराव यांस,

विश्वनाथचा नमस्कार. तुमची तब्येत, प्रभावहिनींचा गुडघा आणि चि. उल्काचा बारावीचा निकाल ही तिन्ही उत्तम असतील असं धरून चालतो. (गुडघा नसेल तर कळवा. आमच्या कारखान्याजवळ कीर्तिनगरला एक वैद्य तेल देतो. गुण येत नाही, पण वास इतका येतो की गुडघ्याकडे लक्षच जात नाही.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

कॉलेजच्या प्रवेशअर्जाची किंमत दहा रुपये, असा खिडकीवर बोर्ड आहे. मला तो अर्ज खरोखर पडला तो असा: कारखान्याचे दोन-तीन दिवस, पेढ्यांचा एक डबा, अण्णासाहेबांशी असलेला जुना घरोबा, आणि तुमच्या ताईचं माझ्याशी असलेलं मोकळं बोलणं. त्यातले पेढे तेवढे परत मिळाले, कारण अण्णासाहेबांच्या घरात सगळ्यांना शुगर आहे.

तुम्हाला ठाऊक आहेच, तुमची ताई सुमित्रा कीर्तिनगरकडच्या त्या लहान कॉलेजात बी.ए.च्या मुलांना मराठी शिकवते. (लहान म्हणजे इतकं लहान, की प्रिन्सिपल, ग्रंथपाल आणि कॅन्टीनवाला एकमेकांना टाळायचं म्हटलं तरी टाळू शकत नाहीत.) आम्ही नवे होतो तेव्हा सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांतून मराठी मुलं बस बदलून तिच्या वर्गाला यायची. मग कमी होत गेली. यंदा जूनमध्ये प्रिन्सिपलसाहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "सुमित्राजी, पहिल्या वर्षाला तीन बच्चे आणा, मी युनिव्हर्सिटीशी लढतो. शून्य घेऊन कसा लढू?" माणूस वाईट नाही. हे तिने मला आमटी वाढता वाढता सांगितलं, गॅस संपत आलाय हे ज्या आवाजात सांगते त्याच आवाजात. मग जेवणं झाल्यावर नेहमीप्रमाणे पुस्तक घेऊन बसली. तिची ती सवय तुम्हाला माहेरपासून माहीत असेल, मोठ्याने वाचायची. आमच्या घरात मूलबाळ नाही, तेव्हा श्रोता म्हणजे मी. ती वाचते आणि मी समोर बसून प्लायवूडचे हिशेब करतो, असा आमचा वर्षानुवर्षांचा संसार आहे.

मी म्हटलं, तीनच? शशिकांतराव, मी या शहरात सुताराच्या हाताखाली रंधा मारायला आलो. आज ज्या सरकारी खात्यांत माणसं बसत नाहीत, तिथेसुद्धा माझ्या खुर्च्या आहेत. अशा माणसाला तीन अर्ज म्हणजे काय! रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत उभा राहून सांगून आलो, "हा विश्वनाथ दिल्लीत आहे तोवर तो वर्ग बंद होणं शक्य नाही." टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात अण्णासाहेबांनी वाजवल्या.

म्हणून पहिला त्यांच्याकडेच गेलो. अण्णासाहेब म्हणजे निवृत्त अवर सचिव, आणि दर जानेवारीत पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकावर जाऊन आमच्या वतीने भाषण करणारे. तिथे त्यांचा कंठ दाटतो. दर वर्षी एकाच वाक्याला दाटतो, पण दाटतो. माझे कान तिखट आहेत, धंद्याने केले. लाकडावर बोटाने टकटक केली की आतून भरीव आहे की पोकळ ते मला कळतं. माणसांवर टकटक करता येत नाही, पण त्यांना बोलू दिलं की तेच काम होतं. अण्णासाहेब म्हणाले, "वा विश्वनाथ, फार मोठं कार्य हाती घेतलंस." मी म्हटलं, तुमची नात वीणा यंदाच फॉर्म भरते आहे ना? त्यांनी उठून पंखा वाढवला, त्याचं बेअरिंग गेलंय हे मला ऐकू आलं. मग म्हणाले, "वीणाने फ्रेंच घेतलंय रे. मराठीचं काय, ती घरचीच आहे." तेवढ्यात ती घरची मराठी स्वयंपाकघरातून ओरडली, "आजोबा, अंकलसाठी चाय ठेवू, की ते निघतायत?"

मी निघालो. दारात चपला घालता घालता तोंडातून गेलं, "अण्णासाहेब, पुढच्या वर्षी काला अंबला फ्रेंचमध्ये बोला." हे बोलायला नको होतं. पण बोलून गेलो, आणि घरोबा संपला.

मग कोपर्निकस मार्गावर गेलो. आपल्या राज्याच्या सदनाच्या भोजनगृहात रविवारी आपली बरीच मंडळी झुणका-भाकर खायला येतात. मी टेबलाटेबलाला फिरलो. (त्यातली निम्मी टेबलं माझीच आहेत, तेव्हा ओशाळं वाटलं नाही.) एकजण म्हणाला, मराठीला दिल्लीत स्कोप नाही. दुसरा म्हणाला, पुण्यात असतो तर बिल्कुल घेतलं असतं. बाकी सगळ्यांनी एकच सांगितलं, मराठी घरचीच आहे. मी फर्निचरवाला माणूस, घरची म्हणून ठेवलेली वस्तू शेवटी माळ्यावर जाते हे मला कुणी सांगायला नको. तिथे हाती लागला तो एकटा विलास, सदनातल्या अकाउंटंटचा मुलगा. त्याचे मार्क असे होते की त्याला विषय निवडायचा नव्हता, विषयाने त्याला निवडायचं होतं. त्याने भाकरी मोडता मोडता विचारलं, "अंकल, अटेंडन्सचा सीन काय आहे?" मी म्हटलं, शिकवणाऱ्या काकू प्रेमळ आहेत. "मग चलो, भर दो." हा पहिला अर्ज.

दुसरा आला तो जिथून येईल असं माझ्या बापजन्मी वाटलं नसतं अशा गावाहून, खुद्द पानिपतहून. सोफ्याचं कापड मी तिथल्या रामफलकडून घेतो. त्याच्या गादीवर बसून मी माझं रडगाणं गायलो, तर तो म्हणाला, "मराठी तो म्हारे घर मैं कमलेश बी बोल ले सै." बारावी झालेली, रोज रेल्वेने दिल्लीला यायला तयार. मी खूश होऊन 'कुमार कमलेश' असा फॉर्म लिहून मोकळा झालो. प्रत्यक्षात आली ती रामफलची दोन वेण्यांची मुलगी. जानेवारीत आपल्याकडच्या बसगाड्या काला अंबला येतात, मंडळी तिथे डोळे पुसतात आणि मग चादरी घ्यायला रामफलच्या दुकानात शिरतात. ही गल्ल्यावर बसून ऐकत आलेली. मला बघताच म्हणाली, "या काका, बसा. रंग जाणार नाही, देवाशपथ."

आणि तिसरा अर्ज माझा. हसू नका. मी शेचाळिसाव्या वर्षी ओपन स्कूलमधून बारावी पास झालोय, तेही तुमच्या ताईने जेवणाच्या टेबलावर घोकून घेतलं म्हणून. तेव्हा कायद्याने मी पात्र आहे. खिडकीवरच्या क्लार्कने फॉर्म बघून विचारलं, "बच्चा कहाँ है?" मी म्हटलं, "बच्चा सामने खड़ा है." त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शिक्का मारला. या देशात शिक्का मारणारा माणूस कधी अडत नाही.

सुमित्राला यातलं काही ठाऊक नव्हतं. मुलाखतीच्या दिवशी ती सकाळीच गेली. मी मागाहून लग्नातला कोट घालून गेलो आणि विलास, कमलेश यांच्या शेजारी बाकावर बसलो. मुलाखतीला आत ती आणि प्रिन्सिपल. दार पातळ प्लायचं होतं (माझं नव्हे), त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

विलासला तिने विचारलं, मराठी का घ्यायचंय? "मॅम, अंकल बोले की... म्हणजे, आवडते." काय आवडतं? मग विलास म्हणाला, "पुरणपोळी." प्रिन्सिपल हसले. ती हसली नाही.

कमलेश आत गेली आणि बाहेरच येईना. मध्येच आतून सुमित्राचं हसणं ऐकू आलं. शशिकांतराव, ते हसणं मी किती दिवसांनी ऐकलं ते सांगत नाही, तुम्हाला वाईट वाटेल. तिने विचारलं होतं, ही माणसं तुमच्या दुकानात येतात तेव्हा काय करतात? कमलेश म्हणाली, "आधी रडतात. मग भाव करतात." भाव करताना काय बोलतात ते कळतं? "ते सगळं कळतं." आणि रडताना काय बोलतात? मुलीचा आवाज जरा उतरला. मग म्हणाली, "ते नाही कळत. म्हणून तर शिकायचं आहे."

मग माझी पाळी. सुमित्राने माझ्याकडे पाहिलं, मग कोटाकडे. आता ती हसेल असं मला वाटलं. तिने पेन उघडलं आणि विचारलं, "आपलं नाव?"

मी नाव सांगितलं. हा विषय का घेऊ इच्छिता? मी पाठ केलेलं म्हटलं, मराठीची सेवा करायची आहे. प्रिन्सिपलसाहेबांनी मान डोलावली. मग तिने विचारलं, "काल रात्री जेवणानंतर तुमच्या घरी काय वाचलं गेलं?"

मला ती खुर्चीत बसलेली आठवत होती. चष्मा, पान उलटणारा हात, सगळं आठवत होतं. प्लायचा काल लावलेला दर पैशासकट आठवत होता. मी म्हटलं, गोष्ट होती. "कशाबद्दल?" मी म्हटलं, "माणसांबद्दल."

प्रिन्सिपलसाहेब सद्गृहस्थ. म्हणाले, "मैडम, ले लीजिए. घर की बात है."

ती म्हणाली, "घर की बात है, इसीलिए नहीं."

तीन अर्जांतले दोन तिने स्वतःच्या हाताने नामंजूर केले. एक विद्यार्थिनी घेऊन वर्ग चालत नाही. कमलेशला त्यांनी हिंदीत बसवलं. संध्याकाळी आमच्याकडे शिकायला ये म्हणावं, तर पाचची गाडी चुकवायची तिला बापाची परवानगी नाही.

घरी परतताना स्कूटररिक्षात मी चिडून म्हटलं, दोन खोट्या सह्यांवर वर्ग चालला असता. ती बाहेर यमुनेकडे बघत होती. म्हणाली, "चालला असता हो. पण मी शिकवलं कुणाला असतं?" पुलावर गाड्यांचा आवाज फार असतो, तेव्हा मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.

असो. वर्ग गेला तर गेला, माणसं धडधाकट आहेत. प्रभावहिनींना नमस्कार, उल्काला आशीर्वाद. उत्तराची घाई नाही.

तुमचा,
विश्वनाथ

ता. क. : उत्तराची घाई आहे. त्या दिवसापासून सुमित्रा रात्री मनात वाचते. पुस्तक तेच, खुर्ची तीच, ओठ हलतात, पण आवाज नाही. मी हिशेब बंद केले, रेडिओ बंद केला, खुर्ची ओढून जवळ बसलो, तर विचारते, "काही हवंय का?" मी नको म्हणतो. मोठ्याने वाच असं म्हणायला आता मला तोंड नाही. तेव्हा उल्काला पंधरा दिवस इकडे पाठवा. कॉलेजबिलेज काही नाही, दिल्ली बघायला म्हणून पाठवा. दिवसा मी तिला कुतुबमिनार, लाल किल्ला, म्हणेल ते दाखवतो. तिने फक्त रात्री जेवणं झाल्यावर म्हणायचं, "आत्या, मोठ्याने वाच ना." मी लिहिलं होतं हे ताईला कळता कामा नये. मी शेजारच्या खोलीत बसेन.

आणखी एक : पत्र चार दिवस कोटाच्या खिशातच राहिलं, टाकायचं राहून गेलं. मराठीच्या खोलीत सोमवारपासून संगणकाचा वर्ग बसतो आहे. टेबलांसाठी कॉलेजने दर मागवले होते. माझा सगळ्यात कमी निघाला. टेबलं काल पोचती केली.