सोलर प्लँट आणि गाढवाचा दगड

३ फेब्रुवारी, सोमवार
मुलुंडच्या डोंगरापायथ्याशी आमचा सोलर प्लँट होणार. प्रोजेक्ट इन्चार्ज मी! पॅनल लावण्याआधी जमिनीत काही जुनंपुराणं आहे का ते बघायचं म्हणे. पुरातत्त्व तपासणी. साहेबांना सांगून टाकलं, दोन दिवसांत आटपतो. वीस वर्षं शेजारच्या नाहूरला राहतोय, त्या जागेवर झुडपांशिवाय काही नाही.

४ फेब्रुवारी
तपासायला उत्तरा नावाची मुलगी आलीय. दोऱ्या बांधून ब्रशने माती झाडते. किती दिवस लागतील विचारलं, तर म्हणे, सर, आत्ताच कसं सांगू? संयम ठेवायचा ठरवलं.

६ फेब्रुवारी, दुपार
संयम संपला. ट्रकच्या रस्त्यातच, उत्तराच्या दोऱ्यांपलीकडे, एक उभा दगड. कडेला माठाची भाजी लावणाऱ्या शांताबाई म्हणाल्या, साहेब, हात लावू नका, माझ्या सासूच्या आधीपासून आहे तो. दगड जुनेच असतात. जेसीबीने उपटला. उत्तरा जेवायला गेली होती. लपवायचं काही नव्हतं, तिचं जेवण मोडू नये एवढंच.

७ फेब्रुवारी
दगडाची पाठ झकास सपाट. कोनशिला! पेंटरकडून लाल रंगात लिहून घेतलं: प्रकल्पप्रमुख श्री. शरच्चंद्र गुप्ते. साहेबांच्या नावाला जागा उरली नाही.

१० फेब्रुवारी
भूमिपूजन. उत्तराने वाकून दगडाची मातीने माखलेली पुढची बाजू पुसली आणि ओरडली, गधेगाळ! मला वाटलं, मलाच म्हणतेय.
नाही. शिलाहार राजांच्या काळातला दगड. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढव आणि बाई. दान दिलेली जमीन जो बळकावेल त्याला दिलेली शिवी. अर्थ तिने साहेबांना हळूच सांगितला. साहेबांनी गाढव पाहिलं, मग पाठीवरचं नाव वाचलं, मग पुन्हा गाढव पाहिलं.
कोणी उपटला, साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, स्थानिक लोक. खोटं नव्हे. नाहूर काही लांब नाही.

११ फेब्रुवारी
वॉचमनने शांताबाईंना आत सोडलं नाही. दगड हलवल्याची पोलीस तक्रार होणार म्हणे, त्यांच्याच नावाने. त्या कुंपणाबाहेर कळशी घेऊन उभ्या, आत माठ सुकतोय. माझ्याकडे बघितलं, कळशी खाली ठेवली. मी डबा तसाच घरी परत आणला. ॲसिडिटी असावी.

१२ फेब्रुवारी
साहेबांना खरं सांगितलं. याला लीडरशिप म्हणतात. साहेब वेगळंच काहीतरी म्हणाले.
उत्तराला दगडाची मूळ जागा हवी होती. जेसीबीने सगळं सपाट केलेलं. शांताबाईंना आत बोलावलं. त्या सरळ चालत गेल्या, टाचेने खूण केली. तिथे खणलं तर खाली जुनी फरसबंदी. उत्तराच्या डोळ्यांत पाणी. मीही टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

२६ फेब्रुवारी
दगड पुन्हा जागेवर उभा, भोवती जाळी. पॅनल पन्नास मीटर मागे. शांताबाईंची भाजी सुरू. इन्चार्ज आता शीतल मॅडम. मी स्टेशनरी बघतो. जबाबदारीचं काम आहे.
उत्तराच्या अहवालात माझं नाव छापून आलंय. पान बारा, ‘झालेलं नुकसान’ या मथळ्याखाली.
नाव चुकवलंय. शरदचंद्र लिहिलंय.