एक्केचाळिसावं मत

होस्टेल, खोली नं. ३४,
नागपूर
१२ ऑक्टोबर १९८१

प्रिय रुपराव यास,

लहानूचा सप्रेम जयभीम. रुपराव लिहिलं म्हणून हसू नकोस. मागे मी पाकिटावर 'रुप्या' लिहिलं होतं, तेव्हा यमुताईंनी मला झापलं होतं की माझ्या भावाला निदान पोस्टमनसमोर तरी मान देत जा.

इकडे सर्व ठीक. मेसमध्ये पुन्हा दोडकी सुरू झाली आहेत. गेल्या आठवड्यात बाबा लुगडी घेऊन गांधीबागेच्या कापडबाजारात आले होते, तेव्हा खोलीवर येऊन गेले. मागावर आता एकटेच बसतात, पण मी सुट्टीत गेलो की मला सुताच्या कांड्याही भरू देत नाहीत. इंजिनियरनं पूल बांधावे म्हणतात. त्यांनी तुझी चौकशी केली. बरा आहे म्हणालो. खरं तर मला काय माहीत?

दसऱ्याला तू आणि यमुताई दीक्षाभूमीवर आला होतात, असं नंतर कळलं. दर वर्षी तिथून तू होस्टेलवर येतोस आणि माझ्या कॉटवर पाय ताणून देतोस. यंदा मी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. वाईट वाटलं. पण आला नाहीस ते एका परीनं बरंच झालं, कारण आला असतास तर मी पुन्हा खोटं बोललो असतो.

निवडणुकीला आता महिना होईल. एक्क्याऐंशी कॉलेजांचे एक्क्याऐंशी विद्यापीठ प्रतिनिधी, म्हणजे यू.आर., त्यात उमरेडचा तू आणि आमच्या कॉलेजचा मी. विद्यार्थी परिषदेच्या सचिवपदासाठी तुला चाळीस मतं पडली आणि भैय्याजीला एक्केचाळीस. कोण फुटला, याचा निकाल तू त्याच आठवड्यात लावून टाकलास. भिवापूरचा गोविंदा. का, तर तो कमी बोलतो आणि मोजणी झाल्यावर चहाला थांबला नाही. उमरेडच्या स्टँडवर चार लोकांत तू त्याला म्हणालास, "तू बिकला बे."

तो एवढंच म्हणाला, "मी तुलेच देल्लं गा, रुपराव. मायची आण."

तू तोंड फिरवलंस. तुझी सायकल धरून मी बाजूलाच उभा होतो. तो खरं बोलतो आहे हे मला ठाऊक होतं आणि मी घंटीशी चाळा करत राहिलो.

ठाऊक कसं, ते सांगायलाच हे पत्र. पण आधी सर्व्हे कॅम्पचं सांगतो.

मतदानाआधीचे तीन दिवस मी सर्व्हे कॅम्पला गेलो होतो, असं तुला सांगितलं. तूही बिचारा विचारत होतास, ऊन फार होतं का म्हणून. रुप्या, आमचा सर्व्हे कॅम्प डिसेंबरात असतो. मी चिखलदऱ्याला होतो, भैय्याजीच्या मामांच्या बंगल्यावर, आणखी पंधरा-वीस यू.आर.सोबत. मला पळवून नेलं, असं लिहायला फार आवडलं असतं. पण जीप धरमपेठेत चहाच्या दुकानापाशी उभी होती, पुढची सीट माझ्यासाठी रिकामी ठेवली होती, आणि मी आपल्या पायांनी चढलो.

तिथे त्यानं एकदाही मत मागितलं नाही. मागितलं असतं तर मी तोंडावर नाही म्हटलं असतं, तेवढा तरी मी आहे. तो फक्त वाढायचा. आचारी नागपूरहून नेला होता, सावजी मटणाचा रस्सा भैय्याजी स्वतः वाढायचा आणि म्हणायचा, घ्या इंजिनियर साहेब. मला साहेब म्हणणारा तो पहिलाच माणूस. निघताना म्हणाला, तुमचं मन असेल तिथं द्या. झालं. तीन दिवस मी त्याचं मीठ खाल्लं होतं.

मतपत्रिका हातात आल्यावर मी आकडेमोड केली. तू आठ-दहा मतांनी येणार असं सगळेच म्हणत होते. मग एक मत भैय्याजीला दिलं तर तुझं काही बिघडत नाही आणि मी मिठाला जागल्यासारखं होतं. चार वर्षं पुलांच्या मजबुतीची गणितं करतो आहे, आणि एवढा भार तू सहज पेलशील असं धरून मी फुली मारली. लोक म्हणतील, कोष्ट्याचा पोरगा जातीवर गेला. नाही रे, मटणावर गेला. त्याची मला जास्त लाज वाटते.

तू काही पदासाठी उभा नव्हतास. उमरेडला परीक्षेचं केंद्र व्हावं म्हणून उभा होतास. सकाळी सातच्या पेपरला पहिली एसटी नागपूरला पोचत नव्हती, म्हणून यमुताईंचं बी.ए. राहिलं. लहानपणी आपल्या दोघांना त्यांनीच पाढे शिकवले आणि त्यांचीच पदवी अडली. या वर्षी आणखी किती जणींचं राहील कोण जाणे.

म्हणून परवा मी भैय्याजीकडे गेलो. म्हटलं, तुम्ही ज्या एका मतानं आलात ते माझं आहे. त्याची भरपाई म्हणून उमरेडच्या केंद्राची मागणी पहिल्या सभेत मांडा. तो हसायला लागला.

"यार, तू सातवा आहेस. सहा जण येऊन गेले, ते एक मत आमचंच होतं म्हणते. मी कोणाकोणाले मानू?"

मी लिहून नेलेला मागणीचा कागद त्यानं ठेवून घेतला. मांडेल असं मला वाटत नाही. तिथून पायीच होस्टेलवर आलो आणि वाटेत तुझी फार आठवण आली. एवढी फजिती झाल्यावर ती सांगायला मला तूच लागतोस, आणि नेमकी तुलाच सांगायची सोय मी ठेवली नव्हती.

रविवारी येतो आहे. आधी पुढे भिवापूरला जाऊन गोविंदाला घेतो आणि त्याला घेऊन उमरेडच्या स्टँडवर उतरतो. जे सांगायचं ते चार लोकांत, तिथेच सांगेन. त्याची माफी तू माग, तुझी मी मागतो. यमुताईंनाही हे पत्र वाचू दे. त्यांची माफी कशी मागायची, ते मला अजून सुचलेलं नाही.

रुप्या, जिंकलेल्याच्या दारात त्या एका मताचे सात मालक जाऊन आले. हरलेल्याच्या दारात त्यातला एकही आला नसेल. मी येतो आहे. दार उघडायचं की नाही ते तू ठरव.

तुझाच, पण तुझ्या चाळिसांत नसलेला,
लहानू