कोरड्या विहिरीतले मासे

दर्यापूर, सोमवार, एप्रिल

डोकं फिरलंय नुसतं. समुद्रातल्या प्रवाळाजवळ खोलीगणिक मासे बदलतात, हे पोरांना दिसावं म्हणून शाळेच्या कोरड्या विहिरीत लांब दोरीला चित्रं बांधून सोडली. वर रंगीबेरंगी झुंडी, खाली निराळ्याच जाती, तळाशी मोठ्या डोळ्यांचा लाल मासा. पोरं कठड्यावरून हटेनात. आज हेडमास्तरांनी दोरीच ओढून काढली.

"काहून, सर?"

"मॅडम, उद्या शाळा तपासायले साहेब येऊन राहिले. मासे पाहायले वाकतील, अन् विहीर कोरडी दिसंल. आपण विहिरीले पाणी लागलं म्हणून वर कळवलं हाये ना!"

खोटं यांचं, अन् गुन्हेगार माझे मासे?

ओढाताणीत लाल मासा तेवढा सुटून तळाच्या भेगांवर पडलाय. उतरायला कोणी धजलं नाही. उद्या साहेबांना कठड्याशी मीच नेणार. तो लाल मासा दाखवायचाय त्यांना.