अश्वगंधेला ताण दे

नागौर, राजस्थान

सौ. आशाला राधाकिसनचा मनापासून नमस्कार.

मी बरा आहे. आईचा गुडघा कसा आहे?

आपली अश्वगंधा इथल्या व्यापाऱ्याच्या तपासणीत तिसऱ्यांदा नापास झाली. मुळ्या जाडजूड, पण औषधी गुण निम्मासुद्धा न्हाई. इथल्या वाळूतली काडीएवढी मुळी पास होते. मेंढ्या चारणारी म्हातारी हसून म्हणाली, "तहानेशिवाय गुण येत न्हाई, भाऊ."

पाणी-खत द्यायला मीच लावलं. माझ्या शब्दावर आपल्या केदारखेड्यात बारा घरांनी अश्वगंधा लावली. आता शेवटचा नमुना राह्यलाय; तोबी नापास झाला तर कुणाचाच माल जाणार न्हाई.

हात जोडतो, मोसंबीला देतेस तसा हिला ताण दे. पानं सुकलेली तुला बघवत न्हाईत. फोनवर "पाणी तोडलं" म्हणतेस, अन् मागं मोटर मला बराबर ऐकू येते.

रविवारी फोन करीन. मागं फक्त चिमण्या ऐकू येऊ दे.

तुझाच,
राधाकिसन