लुगड्यांचं कोरडं वजन

सोम., १२ जाने.
आर्वीच्या कार्यशाळेला वीस दिवस. डॉक्टरांच्या संघटनेत कारकून म्हणून चार वर्षांत पत्रं, इतिवृत्तं, सभासदांची यादी एवढंच केलं. यंदा सचिव मॅडमनी रक्ताचं काम दिलं.

पाच टेबलं मांडायची. प्रत्येकावर लाल पाण्यात भिजलेलं कापड. सिस्टर लोकांनी नुसतं पाहून चिठ्ठीवर लिहायचं, बाळंतिणीचं किती रक्त गेलं. नजर तयार व्हावी म्हणून. अर्ध्या लिटरच्या वर गेलं की धोका. मापून ओतायचं मी.

खायचा लाल रंग + तांदळाची पातळ पेज. नुसतं पाणी फार पसरतं.

बायकोला, करुणाला, सातवा महिना संपत आला. तारीख १० मार्चच्या आसपास.

बुध., १४ जाने.
ऑफिसच्या गच्चीवर तालीम. खोक्यातले पांढरे पॅड, राज्य समितीच्या तक्त्यातल्या चित्रासारखे डाग बरोबर आले. तीनदा मापलं, तीनदा तेच. बरं वाटलं.

ठमके सिस्टर आल्या. पस्तीस वर्षं बाळंतपणं केली, आता निवृत्त, कार्यशाळेत शिकवतात. कमरेवर हात ठेवून पाहत राहिल्या.
“बाबू, असं पांढरंफक कापड कोन्या बाईच्या पिशवीत पाह्यलं तू?”
मी म्हटलं, मी बायांच्या पिशव्या पाहत नाही.
“मंग पाह्य एखादी.”

रवि., १८ जाने.
करुणाची पिशवी पाहिली. समुद्रपूरला माहेरी न्यायची म्हणून आईने भरून ठेवलेली. आईची जुनी सुती लुगडी, अर्धी फाडलेली, धुवून मऊ. एक गर्द मरून, एक काळपट हिरवं. दवाखान्यात बाळंतिणीच्या खाली हीच घालतात. आमच्याकडे सगळ्यांचीच पिशवी अशी असते.

मरून तुकडा चार घड्या करून ताटात ठेवला. अर्धा लिटर ओतला. वर तळहाताएवढा ओला डाग, तोही नीट दिसेना. बाकी सगळं घड्यांत. ताट जवळजवळ कोरडं. परत केलं. हिरव्यावर केलं. तेच.

दुपारी कापडं अंगणात वाळत घातली तर शेजारच्या काकू फाटकातून, “काऊन वो सुमेधच्या आई, झाली का सून मोकळी?”
आई म्हणाली, “सून नाई, पोरगाच बाळंत होऊन राह्यला.”
करुणा पोट धरून हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, “माझ्या खाली हेच राहीन ना? मंग सिस्टरले कसं समजन?”

 

बुध., २१ जाने.
मॅडमना सांगायचं म्हणून चिठ्ठी लिहिली. फाडली. बारावी नापास माणसाने डॉक्टरांना रक्त शिकवायचं म्हणजे…

शनि., २४ जाने.
शेवटी बोललोच नाही. मॅडमना गच्चीवर नेलं आणि त्यांच्यासमोर लुगड्याच्या घडीवर ओतलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत घातला. घडी उलगडली. बोटं लाल.
“सहावं टेबल लाव. कोणाला सांगू नकोस.”

रवि., १ फेब्रु. आर्वी
सकाळच्या एसटीने. मापं, पेज, रंग सगळं मांडीवर. एक थेंब सांडला नाही.

पहिल्या पाच टेबलांवर चिठ्ठ्या चांगल्या आल्या. सहाव्यावर मरून लुगडं. आत पूर्ण पाचशे मिली. चिठ्ठ्या मीच वाचून दाखवल्या. दोनशे. दीडशे. शंभर. परत दोनशे. ठमके सिस्टरची तीनशे. ज्यांनी मला पिशवी पाहायला लावली त्यांचीही!
संघटनेच्या अध्यक्ष सरांची दीडशे.

मी आकडा सांगितला.  मागून एक सिस्टर म्हणाल्या, “बाप्पा.”
सर पुढे आले. “परत ओत. माझ्यासमोर.” माप दोन्ही हातांनी धरलं. ओतून झाल्यावर सरांनी कापड बोटाने दाबून पाहिलं. “लुगडं कोणाचं?”
“आईचं, सर.”

परतताना त्यांच्या गाडीत पुढे बसवलं.  आंजी गाव आलं तेव्हा म्हणाले, “ते लुगडं माझ्याकडे राहू दे.” एवढंच.  सरांना या कामात तीस वर्षं झाली असतील, सगळी नजरेवरच.

शनि., ७ फेब्रु.
मॅडमनी रस्ता सांगितला. नजरेवर सोडायचंच नाही. कापड कोणतंही असो, आधी कोरडं तोलायचं, मग ओलं. जेवढे ग्रॅम वाढले, साधारण तेवढे मिली. किराणावाला करत असेल तेवढं सोपं गणित.

करुणाच्या पिशवीतली कापडं स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. ओळखायला आईने कोपऱ्यावर दोऱ्याच्या गाठी मारल्या, एक ते चार. मी प्रत्येकाला पट्टी शिवून वर पेनाने वजन लिहिलं. इथेही लिहून ठेवतो.
एक गाठ – २९५
दोन – ३१०
तीन – २८०
चार – ३४०

रवि., ८ फेब्रु.
करुणाला समुद्रपूरला पोचवलं. हिंगणघाटला गाडी बदलताना पिशवी आधी उतरवली, मग तिला. तिने ते लक्षात ठेवलंय.
सासूबाईंनी पट्ट्या पाहिल्या. “जावाई, तुमी तं लुगडे बी तोलून देऊन राह्यले. कमी भरले तं परत मांगता का?”
 करुणाला पट्ट्यांचं कारण माहीत आहे. तिच्या आईला सांगू नका म्हणाली.

शनि., १४ फेब्रु.
कार्यकारिणीची सभा. विषय ४: कापड तोलण्याची सूचना, जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लावण्यासाठी.

अध्यक्ष सरांनी पिशवीतून मरून लुगडं काढून टेबलावर ठेवलं. धुतलेलं, इस्त्री केलेलं. ओळखायलाच आलं नाही.
एक डॉक्टर म्हणाले, तक्ता राज्य समितीने मंजूर केलेला आहे, शाखेला बदलता येत नाही. दुसरे म्हणाले, आपण सल्ला देतो, हुकूम नाही. काटे कोण विकत घेणार, कोण तपासणार? तिसऱ्या मॅडम म्हणाल्या, उद्या कोणी चुकीचं तोललं आणि भलतंच झालं, तर खाली नाव आपल्या संघटनेचं. तेही खोटं नाही. मी लिहीत होतो, मला प्रत्येकाचं पटत होतं. सरांचंही.
सर म्हणाले, “मी दीडशे लिहिलं होतं. मी अध्यक्ष आहे.” 

ठरलं: राज्य समितीला पत्र. उत्तर येवो न येवो, पुढच्या सभेत निर्णय. पुढची सभा १५ मार्च.
इतिवृत्तात तारीख लिहिताना पेन थांबलं. करुणाच्या तारखेपेक्षा पाच दिवस उशिरा.

शनि., २१ फेब्रु.
ऑफिसात एकटाच. सूचना टाइप केली, एक पान, नऊ ओळी. लेटरहेडवर काढली. उद्या समुद्रपूरला न्यायची होती. शिक्क्याच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. शिक्का काढला, शाईचं पॅड उघडलं.
परत बंद केलं. शिक्का माझ्या हातात असतो, माझा नसतो.

मॅडमना फोन केला, सगळं सांगितलं, पॅड उघडल्याचंसुद्धा. रागावल्या नाहीत. मजकूर वाचून घेतला आणि एक ओळ वाढवली: बाळ झाल्यानंतर घातलेले कापडच तोलावे, आधीचे, गर्भजलाने भिजलेले, धरू नये. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. 
मी शिक्क्याचं विचारलं.
“नाही सुमेध. आज तुझ्यासाठी मारला, तर उद्या कोणासाठीही मारावा लागेल. साध्या कागदावर दे. मजकूर मी तपासलाय एवढं सांग.”
लेटरहेडचं पान फाडलं. साध्यावर काढलं.

रवि., २२ फेब्रु. समुद्रपूर
करुणा बरी. पायांना थोडी सूज, डॉक्टरांनी पाहिली, काळजीचं नाही म्हणाले. मी दोनदा विचारलं. करुणाने तिसऱ्यांदा विचारू दिलं नाही.

दवाखान्यातल्या सिस्टरकडे कागद नेला. वाचला, उलटून पाहिला, परत वाचला.
“शिक्का नाई याच्यावर.”
“नाही.”
“कोनाचा आदेश होय?”
“आदेश नाही. सचिव मॅडमनी तपासलाय. पंधरा मार्चला ठरेल.”
“मंग आत्ताच काऊन आणला?”
मी म्हटलं, माझी बायको दहा मार्चची आहे.
त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तुमी ते सहाव्या टेबलवाले ना? मी दोनशे लिवलं होतं.” मग म्हणाल्या, “भिंतीवर नाई लावता येत मले. कोनी विचारलं तं काय सांगू? पर कपाटाच्या दाराले आतून लावीन. दार तं मीच उघडतो.”
काटा आहे का विचारलं. बाळाचा आहे म्हणाल्या, त्यावर लुगडं ठेवलं तर बाळ काही भांडणार नाही.

गुरु., ५ मार्च
राज्य समितीचं पत्र आलं. “आपली सूचना प्राप्त झाली. उपसमितीकडे पाठविली आहे.” आवक नोंदवहीत चढवलं. सरांना दाखवलं. “पंधराला मांडू,” म्हणाले. मग, “तू रजा कधीपासून घेतोयस?”
उद्यापासून, म्हटलं.

मंगळ., १० मार्च. समुद्रपूर
काही नाही. दिवसभर काही नाही. सासूबाई म्हणतात, पोट तारीख वाचत नाही. करुणा अंगणात तुरीची डाळ निवडत बसली. मी दोन वेळा दवाखान्यापर्यंत जाऊन आलो. रस्ता चालत बारा मिनिटं, ऑटोने चार.

बुध., ११ मार्च
दवाखान्याच्या बाकावर लिहितोय. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.

सकाळी आठला कळा. नऊला इथे. त्याच सिस्टर आहेत. पिशवी आत दिली.
दोन चाळीसला रडणं ऐकू आलं. मुलगी. सासूबाईंनी आणून दाखवली, लगेच परत नेली. मी बोटं मोजली, एका हाताची राहिली.

मग पंधरा मिनिटं कोणीच बाहेर आलं नाही.
मग दाराच्या आडून सिस्टरचा आवाज. “सुमेधभाऊ! पट्टीवरची शाई वाहून गेली सारी. तीन गाठीचं कोरडं किती होतं?”
पेन. कापड ओलं होणार म्हणूनच सगळा खटाटोप, आणि मी वजन पेनाने लिहिलं. गाठी तेवढ्या राहिल्या.
“दोनशे ऐंशी,” मी ओरडलो. मग ही वही काढली, सात तारखेचं पान पाहिलं. दोनशे ऐंशीच.
“आन् चारचं?”
“तीनशे चाळीस.”

आत काट्याचा आवाज. कोणीतरी हळू आवाजात वजाबाकी केली, आकडा ऐकू आला नाही. मग कपाटाचं दार उघडल्याचा आवाज. कागद वाचायला असेल. किंवा रक्त थांबवायचं औषध काढायला.