दोन आगाऊ सूर

दि. ४ फेब्रुवारी

चि. चिमणीस काकाचे अनेक आशीर्वाद.

दादांचे ते जुने गाणे तुमची रेकॉर्ड कंपनी पुन्हा काढणार असून त्याच्या ध्वनिमुद्रणाची साफसफाई तुझ्याच हाती आली, हे वाचून समाधान झाले. आता दादांवरचा, म्हणजे तुझ्या वडिलांवरचा, डाग पुसावा. दुसऱ्या कडव्याआधी गायिका थांबलेली असताना त्यांची क्लॅरिनेट दोन सूर आधीच शिरते व गप्प होते. स्टुडिओची वेळ संपली म्हणून तेव्हा तसेच ठेवले गेले. आज आमचा पोस्टमनसुद्धा शीळ घालताना ते दोन सूर गाळत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला शिंपी. परंतु माझ्या दुकानातून वाकडी शिवण कधी बाहेर गेलेली नाही.

दादांची प्रकृती तशीच. मला ओळखत नाहीत. गिऱ्हाईक होऊन कोट कधी मिळेल, एवढे मात्र रोज विचारतात.

उत्तर वेळेवर द्यावे.

तुझा काका

दि. १२ फेब्रुवारी

ती. काकांना शि. सा. न.

दोन सूर काढले. आता शोधूनही सापडणार नाहीत. तुमच्या रफूसारखं झालंय म्हणा ना! नवी तबकडी सोबत आहे.

पण काका, हात धजत नव्हता. मागे आले तेव्हा बाबा मला 'अहो बाई' म्हणाले. गाणं लागल्यावर मात्र बरोबर त्या जागी त्यांनी बोट वर केलं आणि गालातल्या गालात हसले. तुम्ही इस्त्रीत गर्क होतात, पाहिलं नसेल. जुनी तबकडी तेवढी जपून ठेवा.

रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची चिमणी

दि. २० फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तबकडी पोचली. काम सफाईदार आहे. जुनी मी तुझे पत्र येण्याआधीच भंगारवाल्यास देऊन टाकली होती.

नवी लावली आणि प्रथमच हातातले काम बाजूस ठेवून दादांसमोर बसलो. ती जागा येताच त्यांनी बोट वर केले. सूर आले नाहीत. गायिकेने कडवे धरले, संपवले; गाणे थांबले, तरी बोट वरच. माझे कुठे गेले, असे त्यांनी मला विचारले. अखेर मीच त्यांचा हात धरून खाली घेतला.

चूक असलेली जुनी प्रत मिळेल तेथून त्वरित पाठवावी.

तुझा काका

दि. १५ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तू शोधून पाठवलेली, चूक असलेली जुनी तबकडी मिळाली. रोज दुपारी दुकान बंद करून लावतो. दोन्ही सूर जागच्या जागी येतात. दादांचे बोट उठत नाही. कोटाचेही ते आता विचारत नाहीत; मी मात्र बेतायला घेतला आहे.

काल त्या जागी मीच बोट वर केले. दादा बोटाकडे पाहत राहिले. हसले नाहीत. उद्या पुन्हा करीन.

लोभ असावा, असे मी धाकट्यांना कधी लिहीत नाही. आज लिहितो.

तुझा काका